पिवळी खूण

फिल्ममध्ये माणसाच्या आधी त्याची जागा येते. कॅमेरा कुठे, नटी कुठे, तिने दारातून कितपत आत यायचं, हे सगळं आधी ठरतं. ठरल्या जागी जमिनीवर रंगीत चिकटपट्टीची फुली बसते आणि शूटिंगच्या दिवशी नटी येऊन मुकाट त्या फुलीवर पाय रोवते. वीतभर सरकली तरी चेहरा धूसर. मग ती कितीही जीव तोडून रडो, बघणाऱ्याला नुसतं धुकं हलताना दिसतं.

म्हणून तो सगळा आठवडा धाकटी रिकाम्या घराच्या फरशीवर गुडघ्यांनी रांगत होती. दोघी बहिणींतली लहान, म्हणून घरी धाकटी. पुढे कॉलेजातही तेच नाव चिकटलं. वर्गातल्या सगळ्यांप्रमाणे तिलाही शेवटच्या परीक्षेसाठी एक छोटी फिल्म करायची होती. खोलीच्या दारात तिने पिवळी फुली लावली, ती आईची. खाटेवर निळी, ती मुलीची. समोरच्या कोपऱ्यात, खिडकीखाली, कॅमेऱ्याच्या तिकाटण्याशेजारी पांढरी. ती दिग्दर्शकाच्या खुर्चीची, म्हणजे तिची स्वतःची.

गोष्ट एवढीशीच होती. पहाटे मुलीला जाग येते. दारात आई उभी असते, हातात पिशवी. मुलगी खाटेवरून हात पसरते. आई बघते, वळते, निघून जाते. संपलं.

गोष्ट तिचीच होती आणि घरही तेच होतं. आई दवाखान्यात गेली ती याच दारातून, आणि परत आली नाही. आदल्या संध्याकाळी धाकटीने हट्ट करून दुधाचा पेला भिंतीवर भिरकावला होता. आई रुसली, न भेटताच गेली. हे शल्य मनात घेऊनच ती मोठी झाली. आता नवे भाडेकरू यायचे होते, तोवर घर रिकामं पडलं होतं, आणि जुन्या मालकीणबाईंनी किल्ली आनंदाने देऊ केली होती.

"शेवटच्या शॉटमध्ये आई का वळते?" सरांनी पटकथा वाचून विचारलं होतं.

"रागावलीय, सर."

"हे तुला माहीत आहे, की तुझा अंदाज आहे? शुक्रवारी ये आणि सांग. ते पक्कं झाल्याशिवाय कॅमेऱ्याला हात लावायचा नाही."

फुल्या लावल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी वर्गातल्या दोन सोबत्यांबरोबर घरात आली, तर पिवळी फुली दारात नव्हती. ती एक फरशी आत होती.

"बोक्या," धाकटी म्हणाली, "हे तुझं काम."

बोक्या कॅमेरा करायचा. घारे डोळे, अंधारातही नेमकं बघणारा, म्हणून बोक्या. त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. "मी कशाला? मीच काल अंतर मोजलंय. फुली हलली की माझंच काम वाढतं. हवालदाराला विचार."

हवालदार म्हणजे त्यांची मैत्रीण. कोण कुठे, कधी, किती वाजता, चहा कोण आणणार, हे सगळं तीच बघायची, आणि उशिरा येणाऱ्याची खैर नसायची. घराची एकुलती एक किल्ली दोरीत ओवून तिने गळ्यात घातली होती.

"माझ्याकडे बघू नका," ती म्हणाली. "आंघोळीलासुद्धा काढत नाही मी ही. घरी भाऊ विचारतो, मंगळसूत्र का किल्लीचं?"

हसणं झालं. फुली उचलून परत दारात लावली गेली. बोक्याने मापाची लांबलचक कापडी फीत काढली. त्याची पद्धत ठरलेली. गुंडाळी हातात धरून तो भिंगाशी उभा राहायचा आणि फितीचं मोकळं टोक धाकटी घेऊन जायची. ती पिवळ्या फुलीवर, आईच्या जागी उभी राहून ते टोक आपल्या डोळ्यांशी धरायची. फीत ताठ झाली की बोक्या आकडा मोठ्याने वाचायचा. नटी रोज परवडत नाही, म्हणून आठवडाभर धाकटीच आई झाली होती.

"सोळा फूट," बोक्या म्हणाला. "आता हलवाल तर याद राखा."

पुढच्या सकाळी फुली दोन फरश्या आत होती.

या वेळी कुणी हसलं नाही. हवालदाराने कडी तपासली, खिडक्यांचे बोल्ट ओढून पाहिले, मालकीणबाईंना फोन लावला. दुसरी किल्ली नाही, त्या म्हणाल्या, आणि का विचारताय म्हणाल्या, तेव्हा हवालदाराने सहज म्हणून सांगितलं. धाकटी तेवढ्यात फुली उचलायला वाकली होती आणि तशीच वाकलेली राहिली.

पट्टीचं टोक दुमडलेलं होतं. अगदी इवलंसं, नखाएवढं, आत वळवून दाबलेलं, म्हणजे पुढच्या वेळी धरायला सोपं. धाकटीने स्वतः लावलेल्या पट्टीला असं टोक नव्हतं. बोक्या तर दातांनीच तोडायचा.

आई असं करायची. खरचटलेल्या गुडघ्यावर औषधाची पट्टी लावली की तिचं एक टोक दुमडायची. "हा पट्टीचा कान," म्हणायची. "काढताना कान धरायचा, म्हणजे दुखत नाही." आईचा चेहरा धाकटीला नीटसा आठवत नव्हता, फोटोतला आठवायचा. पण हा कान आठवला.

तिने कान धरून फुली उचलली. अलगद निघाली.

बाबा घरी टेबलावर वर्तमानपत्र अंथरून पंख्याची पाती पुसत बसले होते. धाकटी समोर बसली. थोडा वेळ नुसती जाळीचे स्क्रू गोळा करत राहिली.

"बाबा, आई जाताना माझ्यावर रुसली होती ना?"

"रुसली? कोण म्हणतं?"

"मी हात पसरले होते. ती आत आलीच नाही."

बाबांनी फडकं खाली ठेवलं. "येणार कशी? मी दंड धरला होता तिचा. आजार लागट होता, धाकटे. डॉक्टरांनी बजावलं होतं, लेकरांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. ताईला आम्ही आधीच मावशीकडे धाडलं होतं. तू झोपली होतीस म्हणून ती दारापर्यंत आली, तर तू नेमकी जागी झालीस."

"मग मला कधी सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कधी? तिचं नाव काढलं की उठून जायचीस. मला वाटलं, ठाऊक असेल, आणि सोसवत नसेल." त्यांनी पातं उजेडात धरून पाहिलं, जणू त्यावर अजून धूळ होती. "म्हणाली, एकच पाऊल टाकते. मी नाही म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणाली, तरी नाही म्हटलं. मग हसली. म्हणाली, बरं, राहिलेलं परत आल्यावर चालेन."

पंख्याचं पातं त्यांच्या हातात हळूच फिरलं.

"तुला झोपवताना म्हणायची ते आठवतं का?" त्यांनी विचारलं, आणि सुरात नाही, नुसतं बोलल्यासारखं म्हणाले:

*झोप आली दारी, तिला नाही घाई,*
*एकेका फरशीनं हळूहळू येई.*
*विचारू नको बाई, कोण गं आलं…*

"पुढे?"

"पुढचं मला येत नाही. पुढचं ती तुझ्या कानात म्हणायची."

त्यानंतर धाकटीने फुली मागे नेली नाही. जिथे सापडेल तिथे राहू दिली, आणि रोज सकाळी घराच्या नकाशावर तेवढाच एक पिवळा ठिपका दिला. हवालदाराने दोनदा विचारलं, हे काय चाललंय. "जागा शोधतेय," धाकटी म्हणाली. ते खोटं नव्हतं.

गुरुवारी बोक्या त्या नकाशावर वाकला. खोलीचं चित्र, मधोमध खाट, खाटेवर निळी खूण, आणि दारातून निघालेली पिवळ्या ठिपक्यांची ओळ.

"ही तुझी फिल्ममधली आई वाट चुकलीय," तो म्हणाला. "दारातून निघाली ती सरळ खाटेकडे. इथवर बरोबर. मग बघ, खाटेच्या पायथ्याशी वळली. मुलगी राहिली बाजूला, ही भलतीकडेच चाललीय."

"भलतीकडे म्हणजे कुठे?"

बोक्याने पेन्सिल ठिपक्यांवरून ओढत नेली. रेघ खाटेला वळसा घालून खिडकीकडे गेली. कागदाच्या कोपऱ्यात पांढऱ्या खुणेपाशी तो थांबला, आणि पेन्सिल कानामागे खोचली.

धाकटीला आतापर्यंत वाटत होतं, आई त्या लहान मुलीकडे निघाली आहे. खाटेवर हात पसरून बसलेल्या मुलीकडे. पण खाटेवर कोण होतं? निळ्या पट्टीचे दोन तुकडे. आईने वाटेत बघितलं असेल, लेक इथे नाही, मोठी होऊन खुर्चीत जाऊन बसली आहे, आणि तिने आपली वाट बदलली असेल.

शुक्रवारी सरांना चार वाजता भेटायचं होतं. दुपारी तिघं शेवटचं माप घ्यायला आली. पहाटेचा आभास हवा म्हणून खिडक्यांना काळा कागद लावायचा होता. तो कापताना धाकटीचं बोट कापलं. हवालदाराने तिला दरडावून बसवलं, बोट धुतलं आणि औषधाची पट्टी अशी घट्ट, सपाट दाबून लावली की धाकटीने ओठ चावला.

"रात्रीपर्यंत काढायची नाही," हवालदार म्हणाली. "आणि मी खाली जाऊन विजेच्या मीटरचं बघते. दिवे झेपणार आहेत का या घराला, देव जाणे. दार लोटून घेतेय."

तिच्या चपलांचा आवाज जिन्यावर विरत गेला. खोलीत काळसर, शिळा उजेड होता. पिवळी फुली त्या दिवशी खाट ओलांडून पुढे आली होती. कालच्या जागेशी पट्टीचा चिकट डाग तेवढा उरला होता. धाकटी खुर्चीत बसली आणि नकाशा मांडीवर घेऊन नवा ठिपका द्यायला वाकली.

बोक्याने भिंगाला डोळा लावला. डोळा न काढताच त्याने गुंडाळी डाव्या हातात घेतली आणि फितीचं टोक पुढे भिरकावलं. "धर गं."

धाकटीने मान वर केली. ती धरायला उठणार होती. पण फीत ताठ झाली होती.

तिचं मोकळं टोक फुलीच्या वर, हवेत, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर थांबलं होतं. टोकाशी कुणी नव्हतं. धाकटीपेक्षा तीन बोटं खाली. फोटोत बाबांच्या शेजारी उभी असलेली आई तेवढीच होती.

"नऊ फूट," बोक्याने दुसऱ्या डोळ्याने फितीवर वाचलं. "काय गं, फीत खाली आलीय, आज बुटकी झालीस? ताठ उभी राहा." मग म्हणाला, "आठ. अगं, पुढे का येतेयस? जागेवर थांब, आकडा बदलतोय."

फीत त्याच्या गुंडाळीत आपोआप शिरत होती. ढिली पडत नव्हती, झोल घेत नव्हती. कुणीतरी ती नीट ताणून धरत, हलक्या पावलाने पुढे येत होतं. फरशीवर कसलाही आवाज नव्हता. उठून पळावं असं धाकटीला एका क्षणी वाटलं. मग आठवलं, त्या पहाटे आईचा दंड बाबांनी धरला होता. आता कुणी धरलेला नाही. आता फक्त आपण उठून गेलो तरच ती पुन्हा अडेल.

तिने खुर्चीचे हात घट्ट धरले आणि बसून राहिली.

"पाच," बोक्या म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "चार. धाकटे, भिंगातून मला तू दिसत नाहीस. कुठे आहेस तू?"

"इथे," ती म्हणाली. "तुझ्या शेजारी. बसलेय."

बोक्याने भिंगापासून डोळा काढला. आधी तिच्याकडे बघितलं, मग हातातल्या फितीकडे. त्याने गुंडाळी सोडली नाही. सोडायला बोटं उघडली नाहीत, असं तो नंतर सांगायचा. फीत आता तिरकी होऊन खुर्चीकडे वळली होती. हातभर उरली. मग वीतभर.

आणि मग टोक गळून धाकटीच्या मांडीवर पडलं.

खोलीत काहीच नव्हतं. काळ्या कागदाची एक कड वाऱ्याने फडफडली आणि थांबली. धाकटीने डोळे मिटले. कुणी काही बोललं नाही, निदान बोक्याने काही ऐकलं नाही. पण गाण्याची शेवटची ओळ तिच्या कानाशी होती, कोमट, अगदी जवळून म्हटल्यासारखी, आणि आपण ती कधी विसरलोच नव्हतो असं तिला वाटलं:

*डोळे मीट, डोळे मीट, अंतर सरलं.*

हवालदार वर आली तेव्हा बोक्या भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता आणि धाकटी नकाशावर काहीतरी खोडत होती.

"भूत बघितल्यासारखे काय बसलात दोघं? मीटर ठीक आहे. दिवे चालतील. चार वाजत आले, सरांना काय सांगणार आहेस?"

"आई वळत नाही," धाकटी म्हणाली. "दारातून परत जात नाही. आत येते. शेवटचा शॉट बदलला."

"आत येऊन कुठवर? खाटेपर्यंत?"

"नाही. कॅमेऱ्यापर्यंत."

"मग फोकस कुठे ठेवायचा?" हवालदार बोक्याकडे वळली. "तू बोल ना काही. जीभ आत गेली का?"

बोक्याने मान हलवली. तो धाकटीच्या हाताकडे बघत होता.

तिनेही खाली बघितलं. कापलेल्या बोटावरची पट्टी हवालदाराने कडांपर्यंत सपाट दाबली होती. आता तिचं एक टोक वर आलं होतं. नखाएवढं, आत दुमडून, हलकेच दाबून ठेवलेलं.