तीनदा पुसलेला लेख

त्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले, अशी म्हातारे मुद्रितशोधक स्वतःची समजूत घालत. राहून कसले गेले? अकरा दिवस त्यांनी ते टाळले होते.

पत्र कागदावरचे नव्हते. संगणकावरच्या ज्या ज्ञानकोशात कोणीही भर घालू शकतो, तिथल्या त्यांच्या चर्चापानावर एका बाईंनी लिहिले होते: "महोदय, मी तीस वर्षं वेताच्या खुर्च्या विणते. विणीच्या प्रकारांवरचा माझा लेख तुम्ही तीनदा पुसलात. चूक दाखवलीत तर सुधारीन. नाही दाखवलीत, तर माझ्यासारखीचं इथे काम नाही असं समजेन."

मुद्रितशोधकांची उभी हयात छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका हुडकण्यात गेली होती. माणसांशी बोलणे ते शक्यतो टाळत. निवृत्तीनंतर त्यांना हा ज्ञानकोश सापडला आणि ते त्याचे पहारेकरी झाले. नवख्याने काही लिहिले रे लिहिले, की यांचे बोट पुसायच्या कळीवर. लेख गायब, आणि लेखकाला तयार शेरा: "संदर्भ नाही. पुन्हा असे केल्यास खाते बंद होईल." तयार शेऱ्याची मोठी सोय अशी, की स्वतःचे एक वाक्यही लिहावे लागत नाही. आणि जे लिहिलेच नाही, त्यात चूक कोण काढणार?

त्या दुपारी फोन वाजला. ज्ञानकोशावरचे दुसरे जुने पहारेकरी, वकील, बोलत होते. मुद्रितशोधकांना कमी ऐकू येई, म्हणून फोनचा आवाज घरभर.

"अहो, त्या खुर्चीवालीनं चौथ्यांदा लेख टाकलाय. खातंच बंद करू. नियमाप्रमाणे दोघं लागतात, तुमचा होकार द्या."

"बघतो."

"बघताय काय? दार असं सताड उघडं ठेवलंत, तर उद्या रद्दीवाला येऊन इतिहास लिहील!"

"काका, रद्दीवाल्यानं तुमच्याहून जास्त पुस्तकं हाताळली असतील," आतून मुलगी ओरडली. ती गाडी चालवायला शिकवी. दोन शिकवण्यांच्या मधे जेवायला घरी आली होती.

"संध्याकाळपर्यंत कळवा," म्हणून वकिलांनी फोन आपटला.

मुलगी ताट हातात घेऊनच बाहेर आली आणि वडिलांच्या खांद्यावरून पत्र वाचू लागली.

"बाबा, उत्तर का नाही दिलंत?"

"संदर्भ नाही, हे शेऱ्यात सांगितलंय."

"संदर्भ कुठे लिहायचा, ते सांगितलंय?"

"मदतपानांवर आहे सगळं."

"किती पानं आहेत ती?"

"त्रेचाळीस," ते पुटपुटले.

"अरे वा! माझा शिकाऊ भर चौकात गाडी बंद पाडतो, मागे दहा भोंगे बोंबलतात. तेव्हा मी त्याच्या हातात त्रेचाळीस पानं देऊन त्याला खाली उतरवू? की क्लच कसा सोडायचा ते सांगू?"

"गाडीनं माणसं मरतात. शिस्त नको?"

"म्हणून तर मी शेजारी बसते! बरं, लेख वाचलात का?"

ते चष्मा पुसू लागले.

"तीनदा पुसलात आणि एकदाही वाचला नाहीत? धन्य आहे!"

"तू मला शिकवू नकोस!" मुद्रितशोधक कधी नव्हे ते कडाडले. "चाळीस वर्षं मी..."

"शिकवणार. पोटासाठी तेच करते मी." ताट मोरीत आदळून ती कामावर निघून गेली.

कार्टीला खोटे पाडायचेच, या इरेला पेटून त्यांनी लेखाचा इतिहास उघडला. पुसलेल्या आवृत्त्या एकीखाली एक मांडलेल्या होत्या. प्रत्येकीसमोर बदलाचा सारांश होता. मजकुराच्या खाली, प्रकाशित करायच्या कळीच्या अगदी वर, सारांशाची एक छोटी चौकट असते. मुरलेली मंडळी तिच्यात दोन शब्द टाकतात, आणि पुसताना ती कोणीच वाचत नाही.

पहिल्या वेळी तिथे लिहिले होते: "औद्योगिक शाळेचं वेतकामाचं पुस्तक, पानं १४ ते २२."

दुसऱ्या वेळी: "वरचंच पुस्तक, शिवाय माझ्या गुरूंची वही. संदर्भ इथेच लिहायचा ना?"

तिसऱ्या वेळी: "संदर्भ देतेय हो! कृपा करून वाचा."

मुद्रितशोधकांनी तिन्ही ओळी पुन्हा वाचल्या. अरेरे! तीनदा संदर्भ मागितला, आणि तीनदा आपल्याच हाताने तो पुसला! स्वल्पविरामही नजरेतून न सुटणाऱ्या माणसाने एका बाईची पुरी विनवणी सोडून दिली होती!

त्यांनी वकिलांना फोन लावला.

"माझा होकार नाही. बाईंनी संदर्भ दिला होता. फक्त चौकट चुकली."

"चुकली ना? मग नियम..."

"नियम मीही पाळला. डोळे मिटून."

"म्हातारचळ लागलाय तुम्हाला! उद्या नवशे-गवशे सगळे डोक्यावर बसतील, तेव्हा माझ्याकडे येऊ नका!"

फोन बंद झाला. दहा वर्षांची ओळख बहुधा त्याबरोबरच संपली.

वाचकहो, आपणही कुठल्या ना कुठल्या दारावर उभे असतोच. कोणी कचेरीच्या खिडकीत, कोणी वर्गात, कोणी रुग्णालयाच्या टेबलामागे. नवखा चुकतो, कारण तो नवखा असतो. त्याला हाकलायला एक कळ पुरते, पण चूक कुठे झाली ते दाखवायला शेजारी बसावे लागते. ज्या घरात नव्याला कोणी वाट दाखवत नाही, तिथे शेवटी पहारेकरीच उरतात, आणि राखायला काही उरत नाही.

मुद्रितशोधकांनी चौथ्यांदा टाकलेला तो लेख पुसला नाही, तर पहिल्यांदाच वाचला. सहा कोनांच्या विणीत वेत ओला का ठेवावा लागतो, हे त्यांना त्र्याहत्तराव्या वर्षी कळले. मग ते उत्तर लिहायला बसले. चार मसुदे खोडले. पाचवा असा होता:

"बाई, संदर्भ तुम्ही तिन्ही वेळा दिला होतात. मी वाचला नाही. चूक माझी. तो वाक्याच्या शेवटी जोडायचा असतो. पहिल्या वाक्याला मी जोडून दाखवला आहे, बाकीचे तुम्ही जोडा. गुरूंची वही छापलेली नसल्याने इथे चालत नाही, याचे वाईट वाटते. अडले तर विचारा. उत्तर देईन."

आयुष्यात प्रथमच, लिहिलेले दुसऱ्यांदा न तपासता, त्यांनी कळ दाबली.