तिसरी टिक

कळव्याचा महिपत वायरमन होता. तीस वर्षं रोज एक पाकीट सिगारेट ओढायचा. सिगारेट ओढणाऱ्याचा मेंदू आवाज कसा घेतो आणि ती बंद केली की काय बदलतं, यावर त्याची भाची दक्षता ठाण्याच्या एका कॉलेजात संशोधन करत होती. तिला मामा आयताच सापडला.

पहिल्या वेळी तो सिगारेट ओढून बसला. डोक्याला वायरी, कानांवर हेडफोन. टिक-टिक, मग शांतता, पुन्हा टिक-टिक. त्याला डुलकी लागली.

दुसऱ्या वेळी तो आदल्या दुपारपासून सिगारेटविना होता.

"दक्षता, आज तिसरी टिक कशाला लावलीस?"

"तिसरी कुठाय, मामा? दोनच आहेत."

पण पडद्यावर प्रत्येक जोडीनंतर तिसरी लाट उठत होती. तिने आवाज बंद केला. दोन लाटा गेल्या, तिसरी उठतच राहिली.

"सिगारेट सोडल्यावर मेंदू नको ते आवाज नीट अडवत नसेल," ती म्हणाली. "बाहेरचं काहीतरी ऐकू येत असेल."

त्या खोलीत बाहेरचं काहीच ऐकू येत नाही, हे तिला माहीत होतं.

महिपत रिक्षाने निघाला. खाडीपूल ओलांडला तशी टिक मोठी झाली. जिन्यात तर ती दाढांत जाणवायला लागली. शेजारच्या विठ्ठलकाकांच्या बंद दारापाशी तो थांबला.

"काका काल गावी जाणार होते ना," त्याची बायको मालन दारात येऊन म्हणाली. "गेले असतील."

"नाही गेलेले."

वरच्या मजल्यावरच्या सुदेशने पहारीने कडी तोडली. काका बाथरूमच्या ओल्या फरशीवर पडले होते. हातपाय लुळे, डोळे उघडे, श्वास चालू. महिपतने त्यांना पाहिलं आणि टिक थांबली.

चौथ्या दिवशी काकांना थोडं बोलता यायला लागलं. महिपत हॉस्पिटलात गेला.

"काका, तुम्ही काय आपटत होतात?"

"आपटणार कशाने? बोटसुद्धा हलत नव्हतं." ते दम घेत म्हणाले, "तुझ्या सिगारेटच्या वासाची वाट बघत होतो. संध्याकाळी तू गॅलरीत येतोस. त्या दिवशी वासच आला नाही. मग मनातल्या मनात तुला हाका मारत राहिलो."

 महिपतने पाच दिवस सिगारेटला हात लावला नव्हता. आता त्याला वॉर्डातल्या प्रत्येक खाटेवरून ऐकू यायला लागलं. टिक. टिक. काही जोरात, काही अगदी बारीक. खिडकीजवळच्या म्हातारीची टिक चालता चालता बंद पडली. नर्स अजून तिकडे वळलीही नव्हती.

तो धावतच खाली आला. गेटबाहेर मालन डबा घेऊन उभी होती. सिगारेट सोड म्हणून अकरा वर्षं तिने त्याच्यामागे धोशा लावला होता. त्याचा चेहरा बघून तिने डबा त्याच्या हातात दिला. समोरच्या टपरीवर गेली आणि एक पाकीट, एक काडेपेटी घेऊन आली. काडीही तिनेच ओढली.

पुढच्या तपासणीला ये म्हणून दक्षताचे फोन येत राहिले. तो गेला नाही.