सुतळीने मोजलेलं घर

मित्रांनो, मी एक जुनं जेवणाचं टेबल आहे. सात फूट लांब, साडेतीन फूट रुंद, आठ माणसांचं. हल्लीची ती भुशाची टेबलं असतात ना, जरा पाणी सांडलं की गाल फुगवून बसतात, त्यांच्यातलं मी नव्हे. माझ्यावर तापलेलं पातेलं ठेवा, पोर नाचवा, मी हूं की चूं करणार नाही. ही ऐट आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात दोष ऐटीचाच आहे. थोडा माझा आणि थोडा माझ्या घरधनिणीचा.

माझा जन्म एका छापखान्याच्या मागच्या आवारात झाला. छापखान्यात एक मोठं यंत्र आलं होतं, जाड फळ्यांच्या खोक्यात बसून. यंत्र आत गेलं आणि खोकं आवारात तसंच पडून राहिलं. घरधनिणीचा नवरा तिथे फोरमन होता आणि आवारातच त्यांना तीन खोल्या मिळाल्या होत्या. घरधनिणीने ते खोकं दोन दिवस येता-जाता पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिने छापखान्याच्या सुताराला हाक मारली.

"याचं टेबल कर," ती म्हणाली.

सुताराने घरातली माणसं मोजली. नवरा, बायको, एक मुलगा. तो म्हणाला, "वहिनी, तिघांना एवढं लांब कशाला? थोडं आखूड केलं तर वर दोन स्टुलं निघतील."

"माझ्या घरातली माणसं तू मोजू नकोस. तू फळ्या मोज."

त्याने मुकाट्याने फळ्या मोजल्या. चांगला हात होता त्याचा. आज इतकी वर्षं झाली, माझा एकही सांधा करकरत नाही.

ती वर्षं माझ्या भरभराटीची होती. दुपारी छापखान्याचा भोंगा वाजला की फोरमन हात धुऊन साठ पावलांत घरी यायचा. नखांत शाई तशीच असायची. त्याच्यामागे कधी दोन कामगार यायचे, कधी कोणाचा गावाहून आलेला भाऊ. माझ्या आठही खुर्च्या भरायच्या. घरधनिणीचा एक नियम होता. सगळे टेकल्याशिवाय भांड्यावरचं झाकण उघडायचं नाही. मुलगा भुकेने कळवळला तरी नाही. "एकट्याने खायचं असेल तर खानावळीत जा," ती म्हणायची. लोक तिचं कौतुक करायचे आणि माझंही. जो तो माझ्यावर थाप मारून म्हणायचा, काय लाकूड आहे, वा. मला वाटायचं, हे घर एकत्र जेवतं ते माझ्यामुळे. घरधनिणीला वाटायचं, तिच्या नियमामुळे. भोंग्यापासून ताटापर्यंत साठच पावलं होती, हे आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

मग एक दिवस फोरमन गेला. पुढे छापखानाही बंद पडला आणि खोल्या सोडायची वेळ आली. तोवर मुलाचं लग्न होऊन गेलं होतं. तो शहराच्या मध्यभागी चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायचा. सून त्याच भागातल्या एका प्रयोगशाळेत रक्त तपासायची. दोघांनाही नऊला कामावर हजर व्हावं लागे. पाच वर्षांची एक नात होती. ती एका जागी कधी बसायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत.

दोन घरं बघण्यात आली. एक कारखान्यापासून पायी पंधरा मिनिटांवर. दोन खोल्या, चौथा मजला, समोरच्याच्या खिडकीत कोण काय खातंय ते दिसेल एवढी दाटी. दुसरं शहराच्या पार टोकाला, बसच्या शेवटच्या थांब्याजवळ. मोठी बैठकीची खोली, वारा, उजेड.

घर बघायला जाताना घरधनिणीने एक सुतळी बरोबर घेतली. त्या सुतळीवर तिने माझं माप गाठी मारून घेतलं होतं. एक गाठ लांबीची, एक रुंदीची आणि एक खुर्ची मागे ओढायला लागते तेवढ्या जागेची. पहिल्या घरात सुतळी पसरली तर लांबीची गाठ दाराबाहेर जिन्यात गेली. "इथे जेवायचं कसं, पाय जिन्यात टाकून?" असं म्हणत ती खाली उतरली.

टोकाचं घर बघायला सगळे सुट्टीच्या दिवशी सकाळी गेले. बस रिकामी होती, रस्ता मोकळा होता. भिंगरीला खिडकीची जागा मिळाली. दलाल म्हणाला होता चाळीस मिनिटं, पोहोचले छत्तिसाव्या मिनिटाला. आणि त्या मोठ्या खोलीत सुतळी अशी ऐसपैस लोळली की घरधनिणीचा चेहरा उजळला. हे सगळं तिने घरी आल्यावर मला पुसता पुसता शेजारणीला सांगितलं, म्हणून मला कळलं. खरं सांगते, मी मनातून फुगले. माझ्यासाठी घर निवडलं जात होतं. असा मान कोणत्या टेबलाला मिळतो?

सून तेवढी एकदा बोलली. माझ्या कडेला बसून भाजी निवडत होती. म्हणाली, "आई, एकदा सोमवारी सकाळी जाऊन बघू या का? कामाच्या वेळेला?"

घरधनीण म्हणाली, "का? रस्ता काय सोमवारी लांबतो?"

मुलगा हसला. मीही मनात हसले. सून भाजी निवडत राहिली.

मित्रांनो, रस्ता सोमवारी लांबतो.

नव्या घरात आल्यावर पहिल्याच सोमवारी त्या दोघांना कामावर पोहोचायला दोन तास पाच मिनिटं लागली. वाटेत एक पूल होता. सुट्टीच्या दिवशी तो आला कधी आणि गेला कधी हे कळलंही नव्हतं. कामाच्या दिवशी त्या पुलावर बस उभीच्या उभी राहायची. मुलगा म्हणाला, "पुलावर समोरच्या गाडीतल्या माणसाची दाढी करून झाली, आई. मी सुरुवातीपासून बघितली." तेव्हा सगळे हसले. पहिले आठ दिवस हसण्यावारी गेले.

मग रोजचं झालं. पावणेसातला दोघं घराबाहेर पडत तेव्हा भिंगरी झोपलेली असे. परतायला नऊ वाजून जात तेव्हाही ती झोपलेली असे, नाहीतर झोपेला आलेली. तिची शाळा दुपारची. तिला न्यायला, आणायला, भरवायला आजी.

घरधनिणीने नियम सोडला नाही. चार ताटं माझ्यावर मांडायची, झाकण ठेवायची आणि वाट बघायची. भिंगरी माझ्यावर गाल टेकून बसायची. आधी गाणी म्हणायची, मग ताटाच्या कडेवर चमचा वाजवायची, मग गप्प. उचलून नेलं की तिच्या गालावर माझ्या लाकडाच्या रेघा उमटलेल्या दिसत. सून एकदा त्या रेघांवरून बोट फिरवत म्हणाली, "हिला आधी भरवत जा ना, आई. आमची वाट नका बघू."

"मग तुम्ही लवकर या," घरधनीण म्हणाली.

"पुलाला सांगा तसं."

तीन महिन्यांनी घरधनीण नमली. नमली म्हणजे तिने तोंडाने कबूल केलं नाही. ती साडेसातला पोरीला भरवायला लागली, एवढंच. मग स्वतः नऊपर्यंत थांबायची. मग कधी आठलाच दोन घास खायला लागली, औषध घ्यायचं असतं म्हणून. मुलगा साडेनऊला एकटा बसायचा, अन्न गरम न करताच. सून म्हणायची, "मला नको, बसमध्ये बिस्किटं खाल्ली." आठ माणसांचं टेबल मी, आणि एका वेळेला माझ्यावर एक ताट. उरलेल्या जागेत धुतलेले कपडे येऊन बसले, वह्या येऊन बसल्या, कोणाची तरी टोपी येऊन बसली. घरधनीण रागावून सगळं उचलायची, दोन दिवसांनी पुन्हा तेच.

आता एका दाताचं सांगते. ते सांगायला मला जड जातं.

भिंगरीचा पहिला दात एका संध्याकाळी माझ्यासमोरच पडला. सफरचंद खाताना. तिने तो धुतला, एका वाटीत ठेवला आणि वाटी मुलाच्या ताटाशेजारी मांडली. "बाबांना दाखवायचा आहे. आजी, तू सांगू नकोस, त्यांनी ओळखायचं," असं बजावलं. बराच वेळ जागी राहिली. मग पेंगली आणि आजीने तिला आत नेऊन निजवलं. तिच्या अंगावर हात ठेवून थोपटता थोपटता आजीचाही डोळा लागला.

मुलगा आला, जेवला. दिवसभर लोकांच्या चष्म्याच्या काचा घासून त्याचे डोळे लाल झाले होते. वाटीत बारीकसं पांढरं काहीतरी दिसलं. त्याला वाटलं, आईने तांदळातला खडा काढून ठेवलाय. त्याने वाटी कचऱ्यात झटकली आणि ताटाबरोबर मोरीत ठेवली. मी बघत होते. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

सकाळी कचरा नेणारा येऊन गेल्यावर भिंगरी उठली. वाटी रिकामी होती. आजीने डबा उपडा केला, फरशी झाडली, माझ्याखाली गुडघे टेकून हात फिरवला. काही मिळालं नाही. भिंगरी रडली नाही. हिरडीवर जीभ फिरवत म्हणाली, "जाऊ दे आजी. शेजारचा हलतोय. तो पडला की आता तुलाच दाखवीन. तू घरी असतेस."

घरधनीण त्या दिवशी माझ्यापाशी बसून राहिली. माझ्यावर दोन्ही तळवे टेकून. जेवायची वेळ टळली तरी उठली नाही.

दोन महिन्यांत मुलाने कामाजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या. त्याने माझ्यापाशी उभं राहून सांगितलं. सांगताना आईकडे बघत नव्हता.

"तू पण चल, आई. दाटी होईल, पण होईल सगळं."

"आणि हे?" तिने माझ्यावर हात ठेवला.

"तिथे भिंतीपाशी चार फूट जागा आहे. कापलं तर बसेल."

"मलाही कापून ने मग. निम्मी इथे राहते."

"आई, उगाच काय बोलता," सून हलक्या आवाजात म्हणाली.

"उगाच नाही बोलत. ज्या घरात माझं टेबल मावत नाही तिथे मी मावत नाही."

मित्रांनो, मी तिला तरुणपणापासून ओळखते. ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं. घर तिने निवडलं होतं. सुनेला चारचौघांत गप्प तिने केलं होतं. त्या दोन खोल्यांत जाऊन सुनेसमोर रोज बसायचं म्हणजे रोज चुकले म्हणायचं, आणि तेवढा एक शब्द तिच्या तोंडून निघत नव्हता. म्हणून तिने मला पुढे केलं. मी तिच्या हट्टाची ढाल झाले.

ते गेले. भिंगरीने जाताना आजीचा पदर दोनदा सोडला आणि दोनदा पुन्हा धरला.

आता या मोठ्या खोलीत आम्ही दोघी असतो. ती माझ्या एका कोपऱ्यावर बसून जेवते. कधी उभ्यानेच खाते. रोज आठच्या सुमाराला फोन वाजतो आणि तो ती माझ्यावर ठेवून बोलते, म्हणून मला ऐकू येतं.

"आजी, आमचं जेवण झालं. बाबांचं कोपर सारखं माझ्या ताटात येतं."

"मग ढकल त्याला."

"ढकललं. मग ते आईच्या ताटात गेलं."

घरधनीण हसते. फोन ठेवल्यावर ते हसू थोडा वेळ तोंडावर तसंच राहतं, मग ती समोरच्या रिकाम्या खुर्च्या सरळ करायला उठते.

मागच्या रविवारी मुलगा एका सुताराला घेऊन आला. आईला न विचारताच. सुताराने टेप लावली, चार फुटांवर पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि पिशवीतून करवत काढली.

"ती करवत आत ठेव," घरधनीण म्हणाली. "नाहीतर तुझ्याच पायावर चालवीन."

सुताराने मुलाकडे बघितलं. मुलाने मान खाली घातली. दोघं चहा न घेताच गेले.

मित्रांनो, आम्हा लाकडी वस्तूंना जपत जा. ओलं ठेवू नका, ओरखडे काढू नका, वेळच्या वेळी तेलाचा हात फिरवा. पण आम्हाला बसवायला घर शोधू नका. घर बघायला कामाच्या दिवशी जा, कामाच्या वेळेला जा, आणि गर्दीच्या वेळेला परत या. घरात सगळ्यांत कमी बोलणारं माणूस एकदा काही म्हणालं तर हसू नका. मी हसले होते. आठ माणसांचं होण्याची ऐट होती मला, आणि माझ्यापायी चार माणसांचं घर दोन ठिकाणी झालं.

माझी घरधनीण मला रोज पुसते. कडेपासून सुरुवात करते, जोर लावून पुसते, डाग ठेवत नाही. पण त्या पेन्सिलीच्या रेघेपाशी आली की फडकं उचलते आणि पलीकडे टेकवते. आठ दिवस झाले, रेघ आहे तशीच आहे. ती हट्टी आहे, स्वतःहून बोलणार नाही. तेव्हा तुमच्यापैकी कोणाला तो सुतार भेटला तर माझा एवढा निरोप द्या. परत ये म्हणावं. करवतीला धार लावून ये. टेबलाची हरकत नाही. चार फुटांत चार ताटं मावतात.