स्वतःच्या हाताने

"ताई, हात लावू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वहिनीने पुढे केलेला हात मागे घेतला. दादाच्या पलंगावरच्या फळीवर काचेचा पेला होता. औषध कायद्याने मंजूर झालेलं, पण पेला मरणाऱ्याने स्वतः उचलायचा. दुसऱ्या कुणी ओठांना लावला तर तो खून. आणि दादाच्या दुखण्याने सगळ्यात आधी हातच खाल्ले होते. आज उचलला नाही, तर तो पुन्हा उचलेल याचा भरवसा नव्हता.

मी त्याचा धाकटा भाऊ. आम्ही दोघेही रंगारी. छत आणि भिंत मिळते तिथली रेघ दादा शिडीवर उभा राहून, कसलाही आधार न घेता, शीळ घालत ओढायचा. त्याच हातातून आता चमचा पडत होता.

कोपऱ्यात धर्मगुरू बसला होता. दादाचा बालमित्र. याच कायद्याविरुद्ध त्याने भरसभेत घसा फोडला होता.

"श्वास दिलेला असतो रे," तो म्हणाला. "ज्याने दिला त्यालाच घेऊ दे."

"त्याला म्हणावं, लवकर ये," दादा अडखळत म्हणाला. "गिऱ्हाईक कधीचं ताटकळलंय."

वहिनीला हसू फुटलं. मग तिने तोंड दाबून धरलं.

माझं डोकं फिरलं. कायदा म्हणतो, स्वतःच्याच हाताने. धर्म म्हणतो, स्वतःच्या हाताने मुळीच नाही. अरे, ज्या हातावरून भांडताय, तो हात एकदा बघा तरी!

दादाने कोपर फळीवर टेकवलं आणि श्वास रोखला. रेघ ओढण्याआधी तो असाच थांबायचा. एकेक बोट काचेवर मिटत गेलं. पेला उचलला गेला. थरथरला नाही. उभ्या आयुष्यात मी त्याचं असं काम पाहिलं नव्हतं. धर्मगुरू कधी उठून उभा राहिला, कळलंच नाही.

ओठांपाशी हात थांबला.

"जातो गं."

"येतो म्हणावं," वहिनी सवयीने बोलून गेली.

"बरं. येतो."

तो प्यायला. पेला त्याने स्वतःच खाली ठेवला, आवाज न करता.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. आता चालेल. वहिनीने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

दुसरा हात चादरीवर एकटाच पडला होता. धर्मगुरूने खुर्ची ओढली, जवळ बसला आणि तो धरला.