टकळी म्हणेल तेवढंच

चौतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई एकसष्टाव्या वर्षी परीक्षेत नापास झाली, आणि तेही कसल्या? तर समोरच्याने सांगितलेलं लिहून घेण्याच्या. घरी ही बातमी आत्याने स्वतः कुणाला सांगितली नाही. पण टकळी सोबत होती, त्यामुळे जिना चढून होईपर्यंत बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली.

टकळी म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाची मुलगी. अकरा वर्षांची. उठल्यापासून तोंडाचा पट्टा जो सुरू व्हायचा तो झोपेपर्यंत, म्हणून हे नाव. डोकं तल्लख, पण कागदावरची अक्षरं तिच्यासमोर जागेवर उभी राहायला तयार नसत. वाचताना ओळी एकमेकींत मिसळत, आणि लिहायला बसली की शब्द अर्धे वहीत उतरत, अर्धे वाटेत हरवत. तिच्या शाळेत अशा मुलांसाठी एक वेगळी खोली होती आणि तिथे प्रत्येक मुलाचा स्वतंत्र आराखडा असे. टकळीच्या आराखड्यात लिहिलं होतं: प्रश्न वाचून दाखवावेत, उत्तरं तोंडी घ्यावीत, लिहायला लेखनिक द्यावा, आणि विचार करताना तिला चालू द्यावं. बसली की तिचा विचार थांबायचा, हे खोलीच्या बाईंनी दोन महिने बघून शोधून काढलं होतं.

वार्षिक परीक्षेत शेजारची कॉलेजातली मुलगी लेखनिक होती. सगळे पेपर सुरळीत झाले. विज्ञानाच्या पेपरच्या सकाळी ही लेखनिक सायकलवरून पडली आणि तिचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. टकळीने पेपर स्वतः लिहिला. तो तपासणाऱ्याला वाचता आला नाही, आणि नंतर टकळीलाही वाचता आला नाही. फेरपरीक्षा पंधरा दिवसांवर ठरली. त्यात राहिली तर पुन्हा सहावी, आणि तीही दुसऱ्या शाळेत, कारण ही शाळा एका वर्गात दोनदा बसवत नसे. दुसऱ्या शाळेत वेगळी खोली नव्हती, आराखडा नव्हता, चालायची परवानगी तर नव्हतीच. टकळीची आई त्या आठवड्यात दोनदा गॅसवर रिकामं पातेलं ठेवून विसरली.

"लेखनिक आई-वडील चालत नाहीत, शाळेतलं कुणी चालत नाही," टकळीचे बाबा म्हणाले. "आता आणायचा कुठून?"

"आणायचा कशाला? मी वरच्या मजल्यावर जिवंत आहे ना!" आत्या म्हणाली. "पहिल्यापासून मला बसवली असती तर पोरगी पहिली आली असती."

"आत्याबाईला मिशा असत्या तर!" भाऊ पुटपुटला. आत्याला ते ऐकू गेलं, पण तिने मोठ्या मनाने सोडून दिलं.

लेखनिकाची आधी तालीम होई. खोलीच्या बाई तिशीच्या, केस कानापर्यंत कापलेले, आवाज इतका शांत की आत्याला पहिल्या मिनिटालाच संशय आला. त्यांनी प्रश्न वाचला: झाडाची मुळं काय काम करतात?

टकळी टेबलाभोवती फिरत म्हणाली, "झाडाला पळू देत नाहीत. आणि खालून पाणी ओढतात."

आत्याने वळणदार अक्षरात लिहिलं: 'मुळे झाडास जमिनीत घट्ट धरून ठेवतात व जमिनीतील पाणी आणि क्षार शोषून घेतात.' दोन ओळींमध्ये बोटभर जागा सोडली, शेवटी ठसठशीत पूर्णविराम दिला आणि बाईंकडे वही सरकवली.

"क्षार कोण म्हणालं?" बाईंनी विचारलं.

"तिला तेच म्हणायचं होतं."

"तिला काय म्हणायचं होतं ते तपासणारे ठरवतील. ती काय म्हणाली, तेवढं तुम्ही लिहायचं."

"'पळू देत नाहीत' असं लिहू? विज्ञानाच्या पेपरात?"

"हो."

पुढच्या प्रश्नाला आत्याने एक शब्द बदलला, त्यापुढच्याला दोन. चौथ्याला तिने टकळी म्हणाली तसंच लिहिलं, पण असा उसासा टाकला की टकळीने लगेच उत्तर बदललं. पाचव्याला तर पेनही हलवलं नाही, नुसत्या भुवया वर केल्या. टकळीने आत्याच्या भुवया बघून उत्तर तीनदा बदललं आणि बरोबर उत्तराशी येऊन थांबली.

"पाचपैकी शून्य," बाई म्हणाल्या. "प्रत्यक्ष परीक्षेत हे झालं असतं तर पेपर रद्द. तिची काहीही चूक नसताना."

बाईंनी खणातून एक कोरा कागद काढला. त्या खोलीत ज्याला अडचण असेल त्याचा आराखडा व्हायचा, वयाची अट नव्हती. बाईंनी लिहिलं ते असं. बलस्थानं: अक्षर सुंदर. अडचणी: बरोबर उत्तर माहीत असणे. लक्ष्य एक, मूल म्हणेल तेवढंच लिहिणे, पाचपैकी पाच वेळा. लक्ष्य दोन, उसासा, हुंकार, खोकला वर्ज्य. लक्ष्य तीन, भुवया जागेवर. लक्ष्य चार, मुलाने सांगितल्यास उत्तर सपाट आवाजात परत वाचून दाखवणे. साहाय्य: डाव्या हातात दाबायला रबरी चेंडू.

"बलस्थान एकच?" आत्याने विचारलं.

"पंधरा दिवस आहेत, बघू," बाई म्हणाल्या.

आत्या तो कागद घडी घालून घरी घेऊन आली. राग असा आला होता की पहिल्या दिवशी तिने तो उघडलाच नाही. दुसऱ्या दिवशी उघडला, तेव्हा चष्मा लावून चुका शोधल्या. एकही सापडली नाही. तिसऱ्या दिवशी ती भावाकडे खाली आली आणि म्हणाली, "मला काहीतरी चुकीचं सांग. मी लिहून घेते."

भाऊ गेली पन्नास वर्षं या संधीची वाट बघत असावा. लहानपणी हिनेच त्याचा अभ्यास घेतला होता. तो खुर्ची ओढून ऐसपैस बसला. "लिही. सूर्य चौकोनी आहे."

आत्याने चेंडू दाबला आणि लिहिलं.

"मासे उन्हाळ्यात झाडावर राहतात."

लिहिलं.

"माझी ताई लहानपणी माझी बिस्किटं चोरून खायची आणि नाव मांजरावर ढकलायची."

"हे धादांत..." आत्या उसासा टाकून म्हणाली.

"उसासा!" टकळी ओरडली. तिच्या हातात पेन्सिल आणि आत्याचा आराखडा होता. "लक्ष्य दोन गेलं! पुन्हा पहिल्यापासून!"

असं रोज संध्याकाळी चाललं. टकळीच्या आईने तर एकदा पोळ्या लाटता लाटता संपूर्ण पचनसंस्था उलटी सांगितली आणि आत्याने ती तोंडातून ब्र न काढता उतरवून घेतली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आत्याची गेली नाही, पण दाबून धरता येते एवढं तिला कळलं. मात्र लक्ष्य चार साधेना. चुकीचं उत्तर परत वाचताना तिचा आवाज आपोआप शेवटी वर जायचा. 'मासे झाडावर... राहतात?' टकळी म्हणायची, "बघ, तू हसतेयस." आत्या म्हणायची, "मी कुठे हसतेय?" आणि खरंच तिला ते कळत नव्हतं.

दुसऱ्या तालमीत पाचपैकी चार आले. बाईंनी थोडा वेळ विचार केला, मग मंजुरीच्या कागदावर सही केली आणि बलस्थानांत एक शब्द वाढवला: चिकाटी. आत्याने तो घरी येईपर्यंत चार वेळा वाचला.

परीक्षा ग्रंथालयाशेजारच्या एका छोट्या खोलीत होती. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला लावलेला नकाशा आणि कोपऱ्यात पर्यवेक्षक. ते सडपातळ गृहस्थ चहाचा थर्मास घेऊन बसले होते आणि प्रश्न तेच वाचून दाखवत होते. अर्धा पेपर झकास गेला. टकळी फिरत होती, बोलत होती, मध्येच 'हे लिहू नकोस, हे मी माझ्याशी बोलतेय' म्हणत होती, आणि आत्याचं पेन तिच्या मागे धावत होतं.

मग प्रश्न आला: हवेत सर्वांत जास्त प्रमाणात कोणता वायू असतो?

"सोप्पं!" टकळी म्हणाली. "ऑक्सिजन."

नायट्रोजन! आत्याच्या पोटात, घशात, टाळूत सगळीकडे नायट्रोजन भरला. चौतीस वर्षं ती हा प्रश्न दरवर्षी विचारत आली होती आणि दरवर्षी अर्धा वर्ग इथेच पडत आला होता. तिने भुवया जागेवर ठेवल्या, ऑक्सिजन लिहिलं आणि डाव्या हाताने चेंडू असा काही आवळला की तो मुठीतून सटकला, नकाशावर आदळला आणि उड्या मारत पर्यवेक्षकांच्या बुटांशी जाऊन थांबला.

पर्यवेक्षक उठले. "हा काय प्रकार आहे? इशारा?"

"नाही हो. साहाय्य आहे. माझ्या आराखड्यात आहे."

"तुमच्या?" त्यांनी आत्याकडे आपादमस्तक पाहिलं, चेंडू खिशात टाकला आणि वहीत काहीतरी नोंदवलं. पोरीचं वर्ष आपल्या मुठीतून सटकलं, असं तिला वाटलं.

टकळी मात्र प्रश्नातच होती. "आत्या, मघाचं परत वाच."

आत्याने वाचलं. "ऑक्सिजन." आवाज सपाट आला. घाबरल्यामुळे असेल, पण वर गेला नाही, हसला नाही, नुसता एक शब्द झाला. तो आपल्याच कानांनी ऐकताना आत्याला तिच्या वर्गातली एक मुलगी आठवली. शेवटच्या बाकावरची. सहाच्या जागी नऊ लिहायची. आत्या तिची वही हातात घेऊन उत्तरं मोठ्याने वाचायची, शेवटी आवाज वर नेत, आणि वर्ग खिदळायचा. आत्याला वाटायचं, हसत खेळत शिकवतेय. ती मुलगी आता चष्म्याच्या दुकानात असते आणि आत्या दिसली की रस्ता ओलांडून पलीकडे जाते. आत्या तिला इतकी वर्षं उद्धट समजत होती. आज तिला लाज वाटली, चांगली कानशिलं तापवणारी लाज. तिच्याशी जाऊन बोलण्याचं धाडस आत्याला अजूनही झालेलं नाही.

"ठीक आहे. पुढे," टकळी म्हणाली. आणि ऑक्सिजन तसाच राहिला.

पुढचा प्रश्न बर्फ पाण्यावर का तरंगतो, हा होता. टकळीने दोन फेऱ्या मारल्या. "कारण बर्फ पाण्यापेक्षा जड असतो. लिहिलंस? वाच."

"कारण बर्फ पाण्यापेक्षा जड असतो," आत्याने वाचलं.

टकळी थांबली. आत्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, तिथे काही सापडलं नाही, म्हणून छताकडे बघितलं. "थांब थांब. जड असता तर बुडला नसता का? खोड ते. बर्फ हलका असतो. तेवढीच जागा भरेल एवढं पाणी घेतलं, तर त्याच्यापेक्षा हलका."

आत्याला उठून तिला कडेवर घ्यावंसं वाटलं. पण आनंद दिसला तर तोही इशाराच. तिने मान खाली घालून लिहिलं, आणि एक अक्षर पहिल्यांदाच जरा वाकडं आलं.

पेपर संपला. पर्यवेक्षकांनी वही उघडली आणि आत्याला दाराबाहेर उभं केलं. दार उघडंच होतं.

"खरं सांग," ते टकळीला म्हणाले. "या बाईंनी तुला काही सांगितलं?"

"हो," टकळी म्हणाली.

आत्याने दाराची चौकट धरली. पर्यवेक्षकांनी पेनचं टोपण काढलं. "काय सांगितलं?"

"मी सांगितलेलंच. मी म्हटलं वाच, की वाचायची. चूक असलं तरी तसंच्या तसं. आणि चेंडू आमच्या खोलीतला आहे, तो परत द्या. नाहीतर बाई मला विचारतील."

पर्यवेक्षकांनी टोपण लावलं आणि चेंडू खिशातून काढून दिला.

आठ दिवसांनी निकाल लागला. शंभरपैकी बासष्ट. टकळीची आई रडली. भावाने सगळ्यांना फोन लावले आणि दोघांना दोनदा लावले. खोलीच्या बाईंनी उत्तरपत्रिका बघायला दिली, तेव्हा आत्या आणि टकळी बाकावर शेजारी शेजारी बसल्या आणि आत्याने एकेक पान वाचून दाखवलं. मुळांचा प्रश्न पेपरातही आला होता, आणि झाडाला पळू न देणाऱ्या मुळांना पूर्ण गुण होते. तिसऱ्या पानावर आत्या थबकली. तिच्या वळणदार, सुबक, बोटभर जागा सोडलेल्या अक्षरातल्या 'ऑक्सिजन'वर कुणीतरी लाल शाईने फुली मारली होती. आत्याच्या अक्षराला जन्मात पहिल्यांदा फुली मिळाली होती.

"हे चुकलं?" टकळीने विचारलं.

"चुकलं. नायट्रोजन हवं होतं."

"तुला तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

"लिहितानाच?"

"लिहितानाच."

टकळी गप्प झाली. आत्याने मनात पाचापर्यंत मोजलं, तरी ती गप्पच. ती आत्याकडे टक लावून बघत होती. चौतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने आत्याकडे इतक्या आदराने पाहिलं नव्हतं.

"येत असून बोलली नाहीस?" शेवटी ती म्हणाली. "बाप रे, आत्या. मला नसतं जमलं."