कितालीकवरचे पांघरूण

मित्रांनो, मी एक जुनी टगबोट आहे. माझे नाव कितालीक, म्हणजे आमच्याकडचा पांढरा क्रौंच. माझा रंग मात्र काळाकुट्ट आहे, म्हणून धक्क्यावर माझी थट्टा होते. होऊ दे!

कडाक्याच्या थंडीच्या उत्तरेतले याकुत्स्क माझे शहर. चारशे वर्षांपूर्वी लेना नदीकाठी इथे एक लाकडी गढी उभी राहिली, केसाळ कातड्यांचा व्यापार वाढला आणि गढीचे शहर झाले. नदी इतकी रुंद की अजून आम्हाला पूल नाही. हिवाळ्यात गाड्या बर्फावरून धावतात. उन्हाळ्यात शहराची भिस्त आमच्यावर. पीठ, साखर, कोळसा, एकदा तर शाळेचा पियानोसुद्धा मी बार्जवर, म्हणजे मालाच्या सपाट नावेवर, ओढून आणला. पोट भरल्यावर टगबोट कोणाला आठवते? याचा मला राग येतो, पण म्हणून मी कधी काम अडवले नाही.

गेल्या शरदात खडकावर आपटून माझा पाण्याखालचा पंखा वाकला. गोदीच्या साहेबांनी सांगून टाकले, "वसंतात नदीवरचा बर्फ फुटायच्या आत दुरुस्त झाली तर ठीक, नाहीतर भंगारात."

आमच्याकडे अशी बोट नदीतच गोठू देतात आणि तिच्याभोवतीचा बर्फ पहारीने खणतात. तळाशी बर्फाचा पातळ थर राखायचा. थंडीने खालचे पाणी गोठले की पुन्हा खणायचे. थर फुटला तर खड्ड्यात पाणी शिरते आणि केलेले काम बुडते.

खणणाऱ्यांची मुकादम अगाफ्याताई. सोबत प्रोकोपीदादा, माझे इंजिन आयुष्यभर सांभाळलेला माणूस. खड्डा पंख्याजवळ पोहोचला होता. एका सकाळी अगाफ्याताईने पहिलाच घाव घातला आणि पाणी उसळले.

"काल बर्फ भुरभुरायला लागला, म्हणून मी खड्ड्यावर लोकरीचा जाड नमदा पसरला होता," प्रोकोपीदादा चाचरत म्हणाला. "गाईला नाही का आपण पांघरूण घालत?"

"गाय दूध देते, दादा! अरे, पांघरुणाखाली ऊब धरली, खाली बर्फ जमलाच नाही. अक्कल काय गोठ्यात बांधून आलास?"

"मग आता भंगारवाल्यांना बोलवायचं?"

"बोलाव की. त्यांच्याही हातात पहार देते!"

मला फार वाईट वाटले. त्याने ते प्रेमानेच केले होते, आणि त्या प्रेमानेच मी भंगाराच्या दारात उभी राहिले होते.

पाणी पुन्हा गोठू दिले आणि खणणे पहिल्यापासून सुरू झाले. ऊन रोज चढत होते, नदी फुटायची वेळ जवळ येत होती. थंडीची लाट आली की बाकीचे शहर कुरकुरायचे, आमची माणसे टोप्या उडवायची. प्रोकोपीदादा झाडू घेऊन खड्ड्यातच असायचा. पडलेला भुसभुशीत बर्फही ऊब धरतो, म्हणून तो लगेच झाडायचा, माझ्या उघड्या अंगावर हात ठेवून पुटपुटायचा, "सोस गं म्हातारे, सोस." भुवयांवर हिम धरले तरी तो हलला नाही.

शेवटी पंखा हाती लागला. जुना काढला, नवा बसवला. थोड्याच दिवसांत नदी कडाडून फुटली आणि मी पिठाची बार्ज घेऊन निघाले.

मित्रांनो, जुनी वस्तू आवडते म्हणून तिला नुसती झाकून ठेवू नका. तिची मोडलेली बाजू उघडी करा, हात गारठले तरी दुरुस्त करा. आम्हाला कीव नको, काम हवे आहे. पलीकडच्या काठावर माल पडून आहे आणि मला तो आणायचा आहे.