नीलांबरीच्या दहा वर्षांचं कार्ड

मी एक जुनं प्लास्टिकचं कार्ड आहे. लाल-निळ्या रंगाचं, एका कोपऱ्यावर चिरलेलं आणि मधोमध हळदीचा डाग पडलेलं. कार्डाला हळद कशी लागली, असं तुम्ही विचाराल. ते सांगतोच, पण मित्रांनो, आधी माझं काम काय ते सांगायला हवं. ते माझं मलाच कळायला वीस वर्षं लागली.

माझा जन्म इंग्लंडचा. तिथे नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला सरकार एक नंबर देतं. पगारातून थोडे पैसे कापले जातात, त्या नंबरासमोर एकेक वर्ष मांडलं जातं आणि म्हातारपणी त्या वर्षांवर पेन्शन मिळतं. असा एक नंबर माझ्या अंगावर छापून मला लेस्टर शहरातल्या एका घरी पाठवलं. पाकीट फोडलं ते सांगलीहून नुकत्याच आलेल्या नीलांबरी खांबेटेने. तिला एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासण्याची नोकरी लागली होती. "केदार, बघ," ती नवऱ्याला म्हणाली, "नाव अगदी बरोबर छापलंय." माझ्यापेक्षा तीच जास्त खूश दिसली.

मला स्वतःचा फारसा अभिमान नव्हता. असणार कसा? 'हा ओळखीचा पुरावा नव्हे' असं माझ्या पाठीवरच छापलेलं. पण नीलांबरीने मला पाच वर्षं पर्समध्ये जपलं. पहाटेच्या बसमध्ये, थंडीत, डबल ड्यूटीच्या दिवशी मी तिच्याबरोबर असायचो. मला कुणी कुठे घासत नव्हतं, कुणी मागत नव्हतं. मग ही मला का सांभाळते, याचं मला भारी कुतूहल वाटे.

मग केदारला अमेरिकेत, न्यू जर्सीत नोकरी मिळाली आणि आम्ही सगळे तिथल्या वेस्ट विंडसरला आलो. नीलांबरी नवऱ्याच्या व्हिसावर आली होती आणि त्या व्हिसावर तिला नोकरी करायची परवानगी नव्हती. तिने दोन वकिलांना विचारलं. दोघांनीही नकारार्थी मान हलवली. पुढे अनिका झाली, शाळेची ने-आण सुरू झाली. स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये, वाती आणि कापराच्या शेजारी, माझी रवानगी झाली. इतर कार्डांची चलती होती. दुकानाचं कार्ड दर शनिवारी फिरून यायचं. नोकरीची मुभा देणाऱ्या ग्रीन कार्डाची तर घरादाराने बारा वर्षं वाट पाहिली. ते आलं तोवर नीलांबरीच्या नोकरीत एवढा खंड पडला होता की तिचे अर्ज कुणी धड वाचतही नव्हतं. माझी वाट कोण बघणार?

पण एकदा लेस्टरची जुनी मैत्रीण मालिनी राहायला आली आणि चहा पिता पिता सहज म्हणाली, "नीलू, तुझी तिकडची पाच वर्षं आहेत ना? दहा भरली तर पेन्शन मिळतं. नऊ भरली तर शून्य. बाहेर राहूनसुद्धा उरलेल्या वर्षांचे पैसे आपण होऊन भरता येतात गं. मागची सहा वर्षंच पण, आणि दर पाच एप्रिलला त्यातलं सगळ्यांत जुनं वर्ष बाद होतं."

ड्रॉवर अर्धवट उघडा होता. मी कान टवकारले. म्हणजे मी नुसता नंबर नव्हतो. माझ्यामागे तिची पाच वर्षं उभी होती!

केदार म्हणाला, "अगं, किती मिळणार आहे त्यातून? सोड ना. इथलं माझं आहेच की."

"तुझं आहे रे," नीलांबरी म्हणाली. "ती पाच वर्षं माझी आहेत."

लेस्टरच्या बँकेत तिच्या पगारातले थोडे पैसे अजून पडून होते. त्यातून दर वर्षी एक जुनं वर्ष भरायचं तिने ठरवलं. आता तारीख लक्षात कशी ठेवायची? तिने शोधून काढलं की पाडवा नेमका याच सुमारास येतो. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, शुभ दिवस. झालं! पाडव्याला गुढी उभारली की मला पाटावर ठेवून हळद-कुंकू लावायचं आणि मग पैसे पाठवायचे. कुंकू पुसलं गेलं, हळद मात्र राहिली. असे दोन पाडवे थाटात गेले. पाचाची सात वर्षं झाली.

तिसऱ्या वर्षी पाडवा आला सहा एप्रिलला.

बिचारीने श्रीखंड केलं, मला हळद लावली, संगणक उघडला आणि मटकन खुर्चीत बसली. मुदत आदल्या दिवशी संपली होती. पंचांगाला इंग्लंडची तारीख ठाऊक नव्हती आणि इंग्लंडला पंचांग. एका दिवसाने ते वर्ष गेलं.

एवढ्यावर थांबली असती तर ठीक होतं. पण लहानपणी तिने आईला सोळा सोमवार करताना पाहिलं होतं. मध्ये एक सोमवार चुकला तर आई पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. तेच गणित तिने इथे लावलं. खंड पडला, आता आधीचं सगळं फुकट. केदारला ती काही बोलली नाही. मला पुसून ड्रॉवरच्या तळाशी सरकवलं. त्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला, दोन बोटांच्या प्लास्टिकला, ते पुसता येत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

सात वर्षं मी काळोखात होतो. मग या फेब्रुवारीत काडेपेटी शोधताना मी अनिकाच्या हाती लागलो. ती आता चौदा वर्षांची आहे.

"आई, व्हॉट इज धिस?"

"माझ्या नोकरीचं कार्ड आहे ते."

"वेट. यू हॅड अ जॉब?"

नीलांबरी भाजी चिरायची थांबली. मग तिने सगळं सांगितलं: प्रयोगशाळा, पहाटेची बस, पाडवा आणि तुटलेलं व्रत. अनिकाने एकच प्रश्न विचारला, "पण सलग पाहिजेत असं कुणी सांगितलं तुला?"

नीलांबरीने सुरी खाली ठेवली. खरंच, कुणी सांगितलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दोघींनी इंग्लंडला फोन लावला. तिकडे दुपार होती. तिकडच्या बाईंनी माझा नंबर विचारला. किती वर्षांनी कुणी मला मोठ्याने वाचलं! मग त्या म्हणाल्या की वर्षं सलग नसली तरी चालतात. भरलेली सातही वर्षं जागच्या जागी आहेत. मागच्या वर्षांपैकी कुठलीही तीन भरा, दहा होतील. मात्र येत्या एप्रिलपासून परदेशी राहणाऱ्यांचे नियम कडक होतायत, तेव्हा उशीर करू नका.

"लेट्स डू इट टुडे," अनिका म्हणाली.

"आज अमावास्या आहे गं."

"इंग्लंडला माहितीये का ते?"

नीलांबरी खळखळून हसली आणि भर अमावास्येला तिने तिन्ही वर्षांचे पैसे पाठवले.

परवा इंग्लंडचं पत्र आलं. दहा वर्षं मोजली गेली होती. तिने तो आकडा बोटाने दोनदा पुसून पाहिला. त्याच संध्याकाळी अनिका शाळेचा एक फॉर्म भरत होती. आईचा व्यवसाय, या रकान्यात तिने लिहिलं, लॅब सायंटिस्ट.

"अगं, आता नाही मी. 'होते' असं लिही."

अनिकाने ते तसंच ठेवलं आणि पुढचा रकाना भरायला घेतला.

मित्रांनो, एखादं वर्ष चुकलं म्हणून आधीची वर्षं पुसली जात नाहीत. तुमच्या आईच्या ड्रॉवरमध्ये असं एखादं कार्ड सापडलं तर ते परत आत टाकू नका. हे कशाचं आहे, एवढं तिला विचारा, आणि सगळं सांगून होईपर्यंत तिच्याजवळ बसा.